अर्ध्या इंचास एक फूट

पेणमधील माझ्या दवाखान्यात आपण कधी आलात, तर टेबलावर रक्तदाब मोजण्याच्या यंत्राशेजारी दोन लाकडी ट्रक उभे दिसतील. लहान मुले त्यांना लगेच हात लावतात आणि मी लावू देतो. मोठी माणसे ‘कुठून आणलेत?’ असे विचारतात. दोन्ही ट्रक एकाच माणसाने घडवलेले आहेत. त्यांच्यात सुमारे तीन वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ओंडके वाहणारे, पुढे लांब नाक असलेले, जुन्या धाटणीचे. पहिल्याकडे पाहिले की खराखुरा ट्रकच दुरून दिसत असल्याचा भास होतो. दुसऱ्याकडे पाहताना काहीतरी खटकते. काय खटकते ते चटकन सांगता येत नाही. आपल्याला सांगता आले नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. मी तीस वर्षे रुग्ण तपासतो आहे, आणि तो दुसरा ट्रक माझ्या डोळ्यांसमोर जवळजवळ वर्षभर उभा होता.

हे ट्रक माझ्या वडिलांनी, अण्णांनी, केले. अण्णा आज ८५ वर्षांचे आहेत. वयाच्या अठराव्या वर्षी ते रोह्यातील एका लाकडाच्या वखारीत मापारी म्हणून लागले आणि जन्मभर ओंडके मोजत राहिले. साग, ऐन, किंजळ, शिवण अशा जातींचे लाकूड आसपासच्या डोंगरांतून त्या वखारीत येई. झाड कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या लांब करवतीने पाडायचे, बैलांनी रस्त्यापर्यंत ओढून आणायचे, आणि मग दोन वासे तिरपे लावून, दोरखंड आणि पहारी वापरून, माणसांच्या बळावर ट्रकवर चढवायचे. यारी वगैरे काही नव्हते. ट्रक टाटा-मर्सिडीज-बेंझचे, ते १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागले होते. त्यांचा सांगाडा कारखान्यातून येई आणि मागचा लाकडी हौदा मात्र सुतार आपल्या पद्धतीने बांधीत. अण्णांना कोणत्या सुताराचा हौदा कोणता, हे फाळक्याच्या सांध्यावरून ओळखता येत असे.

ओंडका मोजण्याची रीत मी लहानपणीच त्यांच्याकडून शिकलो. घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. चार फूट घेर आणि बारा फूट लांबी असेल, तर चाराचा चौथा हिस्सा एक, एकाचा वर्ग एक, गुणिले बारा, म्हणजे बारा घनफूट. शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्राने हाच ओंडका सव्वापंधरा घनफूट भरतो. हा फरक मी सातवीत असताना मोठ्या अभिमानाने दाखवून दिला, तेव्हा अण्णा म्हणाले होते, “ते सव्वातीन साल आणि करवत खाते. शाळेत करवत नसते.”

पुढे हा व्यवसाय विरत गेला. खासगी जमिनीवरील झाडे तोडण्यावर नियंत्रण आणणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा, आणि वनजमिनीसंबंधीचा केंद्राचा कायदा १९८० चा. रोहा आणि मुरूड तालुक्यांतील फणसाडचे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झाले. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकऱ्या मिळू लागल्यावर तरुण मुले वखारीकडे फिरकेनाशी झाली. वखार बंद झाली तेव्हा अण्णांनी त्रागा केला नाही. “तोडली तेवढी लावली असती, तर आजही चालली असती,” एवढेच ते म्हणाले आणि मापाची टेप घरी घेऊन आले.

निवृत्तीनंतर सहा-सात महिने ते ओटीवर नुसते बसून होते. मग एके दिवशी त्यांनी सागाच्या तुकड्यातून बैलगाडीचे चाक कोरायला घेतले. तुंबा, आरे, वर पत्र्याची धाव. चाक पुरे झाल्यावर जू, शिवळा, साटा काढलेली गाडी आणि तिच्या आखावर टेकवलेला ओंडका. त्यानंतर ओंडका उभा फाडण्याची घोडी केली; तिच्यावर एक माणूस उभा राहतो आणि दुसरा खाली, मध्ये लांब करवत. “खालच्याच्या डोळ्यांत भुसा जातो, म्हणून मजुरी सारखी असली तरी खाली कुणी जायला बघत नसे,” हे मला त्या घोडीमुळे कळले. झाडावर आणि ओंडक्यावर निशाणी मारण्याचा हातोडाही त्यांनी केला, नखाएवढा. आणि मग ट्रक.

सगळ्याचे माप एकच: अर्ध्या इंचास एक फूट. बारा फुटांचा ओंडका सहा इंच लांब, चार फुटांचा घेर दोन इंच, सव्वातीन फूट व्यासाचे चाक दीड इंचाहून किंचित मोठे. यासाठी त्यांची एक लांबट वही होती. डाव्या बाजूस खरे माप, उजव्या बाजूस लहान माप. या वहीकडे आपण पुढे परत येणार आहोत. ट्रकच्या काचा त्यांनी माझ्या दवाखान्यातील रद्द झालेल्या एक्स-रे फिल्म ब्लीचिंगच्या पाण्यात धुऊन केल्या, दिव्यांसाठी इंजेक्शनच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची टोपणे वापरली, आखासाठी छत्रीच्या काड्या, टायरसाठी जुन्या स्लिपरचे रबर, आणि ओंडके आवळणाऱ्या साखळदंडासाठी आईच्या तुटलेल्या खोट्या माळेची साखळी. एकदा त्यांनी मला विचारले, “चार फूट घेराचा वाळलेला सागाचा ओंडका पावणेतीनशे किलोचा असला, तर माझा किती भरायला हवा?” मी चोवीसने भागायला निघालो. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही चोवीसपट कमी होतात, म्हणून वजन १३,८२४ पट कमी होते. सुमारे २० ग्रॅम. ते त्यांनी किराणा दुकानातील काट्यावर आधीच तपासून पाहिले होते.

मी त्यांना आणखी काही करायला सुचवत असे. कोचीन संस्थानाने परांबिकुलमच्या जंगलातून लाकूड आणण्यासाठी १९०७ पासून १९६३ पर्यंत चालवलेली ट्रामगाडी, अंदमानात १८८३ पासून असलेली चॅथमची आरा गिरणी. चित्रे दाखवली. त्यांनी ती पाहिली आणि परत दिली. “जे मी मोजलेलं नाही, ते मी करणार नाही.” वाचकहो, निवृत्त माणसांना ‘एखादा छंद लावून घ्या, वेळ चांगला जातो’ असे आम्ही डॉक्टर मंडळी सहज सांगतो. अण्णांचा वेळ जात नव्हता. ते साक्ष देत होते. हा फरक मला तेव्हा कळला असता, तर पुढची चूक कदाचित झाली नसती.

मी पेणला, ते आणि आई रोह्याला. दिवा-रोहा गाडीने कासू, नागोठणे, निडी करीत मी महिन्यातून दोनदा जात असे. गेलो की रक्तदाब, साखर, औषधांच्या गोळ्या मोजणे, आणि मग ‘नवीन काय केलंत?’ असा प्रश्न. अण्णा दाखवीत, मी ‘छान’ म्हणे. दुसरा ट्रक त्यांनी मला भेट म्हणून दिला तेव्हाही मी ‘छान’च म्हणालो आणि तो दवाखान्यात आणून पहिल्याशेजारी ठेवला.

आपल्याला ठाऊक असेलच, पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव आहे. माझ्या रुग्णांपैकी निम्मे तरी कोणत्या ना कोणत्या कारखान्याशी जोडलेले आहेत. त्यांपैकी एक ज्येष्ठ मूर्तिकार गुडघेदुखीसाठी येतात. आयुष्यभर डोळ्यांची आखणी केलेला माणूस. तीच मूर्ती फुटाची, दीड फुटाची, तीन फुटांची करताना कान कितीने मोठा होतो आणि सोंड कितीने, हे त्यांच्या बोटांत बसलेले आहे. त्या दिवशी मी त्यांची चिठ्ठी लिहीत होतो आणि ते ट्रक पाहत होते. म्हणाले, “डॉक्टर, रागावू नका. अण्णांच्या या गाडीचं तोंड मोठं झालंय. आणि मागची चाकं एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला दोन आहेत.”

मी उठून पाहिले. मग पट्टी घेतली. पहिल्या ट्रकचे सगळे माप जुळत होते. दुसऱ्याचे केबिन जवळजवळ दीडपट मोठे होते, दरवाजे एकमेकांशी जुळत नव्हते. ओंडके मात्र बरोबर सहा इंचांचे होते. ते कसे, हे मला आठवड्याने कळले.

प्रथम मी स्वतःची समजूत घातली, की नजर कमी झाली असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. मोतीबिंदू होताच, तो काढला. दृष्टी सुधारली, ट्रक सुधारला नाही. मग मी ती लांबट वही मागितली. अण्णांनी ती द्यायला का-कू केले, तेव्हाच माझ्या मनात चर्र झाले. आधीची पाने छापल्यासारखी होती. शेवटच्या वीस-पंचवीस पानांवर मात्र सात फुटांचे साडेचार इंच झाले होते, पाचाचे दोनदा दोन आणि एकदा तीन. खोडाखोड होती, आणि काही ओळींत उजवी बाजू कोरीच होती. वहीच्या तारखांवरून हे आठ महिने चालले होते. त्या आठ महिन्यांत मी सोळा-सतरा वेळा रोह्याला गेलो होतो.

त्या वहीत एक गोष्ट आणखी होती. ओंडक्यांची मापे वेगळ्या, बारीक अक्षरात होती. ते अक्षर आईचे. तिने शिवणाची टेप धरून प्रत्येक ओंडका सहा इंचांवर खूण करून दिला होता. “ते मोजायला लागले की चिडायचे, रडकुंडीला यायचे. मग मी म्हटलं, मी धरते माप. तुला कशाला सांगायचं, तुझ्या मागे किती व्याप,” ती म्हणाली. काळजी घेणाऱ्या वाचकांना मला इथे थांबून काही सांगायचे आहे. आपण आपल्या माणसाची झाकपाक करता ती प्रेमापोटी, हे मला ठाऊक आहे. हिशेब आपण लिहिता, आलेल्या पाहुण्याचे नाव आपणच आधी उच्चारता, म्हणजे त्यांना ओळखायची वेळ येत नाही. पण त्यामुळे डॉक्टरला रुग्ण दिसतच नाही, आपण दिसता. तपासायला आणाल तेव्हा घरात आपण काय काय त्यांच्या वतीने करू लागला आहात, तेवढे एका कागदावर लिहून आणा. आईचा रक्तदाब त्या वर्षात वाढला होता आणि मी तिला मीठ कमी करायला सांगून मोकळा झालो होतो.

आता माझी स्वतःची कबुली. सागाच्या भुशाने अण्णांच्या हातांना खाज येई. त्यासाठी मी काही वर्षांपूर्वी एक जुन्या पिढीतील ॲलर्जीची गोळी लिहून दिली होती. आठ-दहा दिवसांसाठी. ती चालूच राहिली. रात्री झोप चांगली लागते म्हणून त्यांनी बंद केली नाही आणि मी विचारले नाही. ही गोळी वृद्धांमध्ये गुंगी आणते, स्मरण आणि लक्ष यांवर परिणाम करते, लघवी अडवते. हे मी परीक्षेत लिहिलेले होते. आपल्या घरातील वृद्ध माणसाच्या गोळ्यांच्या डब्यात खाज, सर्दी, झोप, चक्कर यांसाठीचे काही जुने पडून असेल, तर ते घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. परस्पर बंद मात्र करू नका, कारण काही गोळ्या एकदम थांबवणेही धोक्याचे असते.

गोळी थांबवली. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्व, रक्तातील सोडियम, साखर तपासले. मेंदूचा सीटी स्कॅन केला, कारण वृद्ध माणूस डोके आपटून पडल्यावर कधीकधी कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत जाते आणि विस्मरण हेच त्याचे लक्षण असू शकते. मनाची उदासीही विस्मरणाचे सोंग घेऊन येते, तीही तपासावी लागते. हे सगळे सांगतो आहे ते यासाठी, की ‘वय झालं, आता असंच’ म्हणून घरी बसू नये. यांपैकी काही कारणे दुरुस्त होणारी असतात. अण्णांचे बी-१२ कमी निघाले, ते भरून काढले. महिना-दोन महिन्यांत ते दिवसा जास्त जागे, जास्त बोलके झाले. मला वाटले, सुटलो. मेंदूविकारतज्ज्ञांनी मात्र त्यांना घड्याळाची तबकडी काढायला सांगितली, तेव्हा त्यांनी गोल सुरेख काढला आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यातच दाटीवाटीने बसवले. शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, तेव्हा ते शहाऐंशीवर अडखळले.

मी न राहवून मध्ये बोललो, “अण्णा, पाच फूट चार इंच घेर, लांबी नऊ फूट.”

ते क्षणभरही थांबले नाहीत. “सोळा घनफूट.”

चौथा हिस्सा सोळा इंच, म्हणजे एक फूट आणि एक तृतीयांश. वर्ग सोळा नवमांश. गुणिले नऊ, सोळा. उत्तर बरोबर होते. तज्ज्ञ हसले आणि म्हणाले, की चाळीस वर्षे घोटलेले पाढे सर्वांत शेवटी जातात. निदान अल्झायमर्सचेच झाले. त्यातही जागेचे आणि आकाराचे भान आधी सुटत गेलेले. औषध सुरू झाले. त्याने हा आजार थांबत नाही; काही जणांची उतरण काही काळ थोडी सौम्य होते, एवढेच मी आपल्याला प्रामाणिकपणे सांगू शकतो.

चित्रकार विल्यम उटरमोलन यांना १९९५ मध्ये लंडनमध्ये हाच आजार असल्याचे कळले. त्यानंतर त्यांनी काही वर्षे स्वतःचीच चित्रे काढली. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्यावर लेख आला. चित्रांत चेहऱ्याचे अवयव आपली जागा सोडत जातात. मी ती चित्रे रात्री संगणकावर पाहिली आणि मग दवाखान्यात जाऊन दुसऱ्या ट्रककडे बराच वेळ पाहत बसलो.

अण्णा आणि आई आमच्याकडे पेणला राहायला आले. आणि मी एक मूर्खपणा केला. अण्णा नव्या ट्रकचा हौदा करीत होते. एका बाजूचा पाट तिरका गेला होता. ते झोपल्यावर मी तो काढला, पट्टीने मोजून नवा कापला, चिकटवला. सकाळी ते आले, हौदा हातात घेतला, अंगठा सांध्यावरून फिरवला. “हे कुणी केलं?” कुणीच बोलले नाही. “माप बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण माझं नाही.” त्यानंतर सोळा दिवस त्यांनी हत्याराला हात लावला नाही. ओटीवर बसून होते, वखार बंद झाल्यावर बसले होते तसेच. पत्नी म्हणाली, “तुम्ही त्यांची चूक दुरुस्त केली नाहीत. तुम्ही त्यांना पकडलंत.”

वाट पुन्हा त्या मूर्तिकारांनीच दाखवली. त्यांच्या कारखान्यात मोसमात नवखी पोरे येतात, थकलेले कारागीरही असतात, हात कापणारेही असतात. सगळ्यांच्या हातून माप बरोबर निघते, कारण माप साच्यात असते. “मोजायचं काम त्यांच्याकडून काढून घ्या, पण करायचं काम ठेवा,” ते म्हणाले. “फर्मा करून द्या. आमच्याकडे फर्मा वापरण्यात कमीपणा नसतो.”

मग प्लायवूडचा एक फर्मा झाला. खोबणीत काठी ठेवायची, टोकाला अडली की फटीतून लहान करवत चालवायची. सहा इंचांखेरीज दुसरे काही कापलेच जात नाही. ट्रकऐवजी आता फक्त ओंडके करायचे, हे आम्ही ठरवले नाही; आम्ही समोर दोन ट्रकांचे रिकामे हौदे ठेवले आणि म्हणालो, “माल कधी भरायचा?”

असे काम आपल्या घरी सुरू करणार असाल, तर मी जे ठेचा खाऊन शिकलो ते सांगतो. वेळ सकाळची. दुपार उतरली की अशा रुग्णांची बेचैनी वाढते आणि तेव्हा हातात धारदार वस्तू नको. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. उजेड डावीकडून, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही, डावखुऱ्यांसाठी उलट. कटर आम्ही कपाटात ठेवला आणि बारीक दातांची करवत व पॉलिश पेपर ठेवले, कारण करवत बोट कापू लागली तरी लगेच कळते, पात्याचे तसे नाही. मधुमेहामुळे बोटांना बधिरपणा आलेला असेल तर तेही कळत नाही. अशा वेळी रोज रात्री बोटे पाहावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर छोटी जखमही बराच वेळ वाहते; स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उघडता दाबून धरावे, तरी थांबले नाही तर दवाखाना गाठावा. चटकन चिकटणारा गोंद बोटे आणि पापण्या चिकटवतो, त्याऐवजी पांढरा फेविकॉल बरा, वाळायला वेळ लागतो पण चूक सुधारता येते. भुशाबद्दल मात्र मी कडक आहे. लाकडाचा भुसा हे नाकातील कर्करोगाचे एक कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानले आहे. ते प्रामुख्याने वर्षानुवर्षे कारखान्यात काम करणाऱ्यांच्या बाबतीत, पण दमा असलेल्या वृद्धाला थोडा भुसाही खोकल्याने बेजार करतो. म्हणून उघड्या ओटीवर बसावे, मास्क लावावा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. आम्ही साग सोडला. शिवणीच्या, पेरूच्या वाळक्या फांद्या आणतो. त्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या असल्या, की साल न काढताच ओंडका दिसतात.

आणि ‘छान’ हा शब्द मी सोडला. त्याऐवजी विचारतो: हा कोणत्या जातीचा? किती भरला? कुठून आला? कधी उत्तर येते, कधी येत नाही. कधी ओंडका सुधागडातून आलेला असतो, कधी त्यांच्या लग्नाच्या वऱ्हाडातून.

आज त्यांना माझे नाव रोज आठवतेच असे नाही. काही सकाळी मी त्यांचा मुलगा असतो, काही सकाळी वखारीतला नवा पोरगा. आई बाजूला बसून काठ्या निवडून देते. ती आता माप धरत नाही, आणि दुपारी दोन तास झोपते. तिला त्या दोन तासांत उठवायचे नाही, एवढा एक नियम घरात सगळे पाळतात.

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. एका ट्रकचा हौदा पुरता भरला. अकरा ओंडके, वरून साखळी. मी दवाखान्यात न्यायला म्हणून तो उचलला.

“थांब,” अण्णा म्हणाले. “पास?”

लाकडाने भरलेली गाडी वनखात्याच्या वाहतूक पासाशिवाय नाक्यावरून सुटत नसे. त्या पासावरची मापे त्यांनी जन्मभर लिहिली होती. मी औषधांच्या चिठ्ठ्यांचे पॅड ओढले. वर तारीख लिहिली, रोहा ते पेण असे लिहिले, साग, नग अकरा, ट्रकचा क्रमांक म्हणून काहीतरी आकडे घातले, खाली सही केली, आणि गंमत म्हणून दवाखान्याचा शिक्काही मारला. अण्णांनी चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरून वरपासून खालपर्यंत वाचला, शिक्का पाहिला, ओंडक्यांवर बोट ठेवत अकरा मोजले. मग कागद माझ्याकडे परत केला.

“लांबी लिहिलेली नाही,” ते म्हणाले. “अशी गाडी सोडता येत नाही.”

मी लिहिली. बारा फूट.